शेवट न बघता

सोफे-खुर्च्या शिवणाऱ्या मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणायची. भाजी निवडताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, आणि मास्तर तोंडात खिळे धरून खुर्चीचं कापड ताणत असले म्हणजे तर तिला रान मोकळंच मिळायचं.

दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, बोलणं मात्र गेलं. एवढ्या शब्दांतून एकच शब्द मागे उरला, तोही कुठला, तर 'चमचा'. पाणी हवं असलं तरी चमचा, राग आला तरी चमचा. समजायचं तिला सगळं. मास्तर नुसत्या सुरावरून अर्थ लावायला शिकले. पण एकदा दुकानात कुणीतरी हसलं, आणि तेव्हापासून तिने लोकांत तोंड उघडणं सोडलं. मग घराबाहेर पडणंही सुटलं.

एक दिवस मुलीचा फोन आला. "बाबा, आईला त्या नव्या सिनेमाला न्या. त्यातल्या बाईचं बोलणं असंच गेलेलं असतं. काय काम केलंय तिने!"

"घरात कमी पाहिलं का आजारपण, की आता तिकीट काढून बघायचं?" मास्तर कुरकुरले.

पण बायकोने ऐकलं होतं. फोन ठेवून ते वळले, तर ती कपाटातून ठेवणीतले कपडे काढत होती.

पडद्यावरच्या बाईने पहिल्याच प्रसंगात मास्तरांच्या अंगावर काटा आणला. शब्द ओठांवर येऊन अडायचा, नजर छताकडे जायची, हनुवटी थरथरायची आणि मग टेबलावर थाप पडायची. हुबेहूब. बायकोने त्यांचं कोपर घट्ट धरलं. पुढे पाहुणे आले. त्यांनी काही विचारलं की नवराच उत्तर द्यायचा, आणि ती बाई नुसती बघत राहायची. त्या बघण्यात काय नव्हतं! मास्तर खुर्चीत चुळबुळले. तेही हेच करायचे, आणि वर त्याला मदत म्हणायचे.

शेवटी मात्र सिनेमाने माती खाल्ली. नातीच्या वाढदिवसाला ती बाई फुग्यांमध्ये उभी राहिली आणि घडाघडा भाषण करू लागली. व्हायोलिनं वाजली. लोकांनी डोळे पुसले. मास्तरांचं डोकं तापलं. घाबरत त्यांनी शेजारी पाहिलं. बायको खाली मान घालून बसली होती.

घरी परतताना ते म्हणाले, "बाईचं काम शंभर नंबरी. पण शेवट... असं कुठे होतं का?" तिच्या तोंडून संध्याकाळभर चमचासुद्धा निघाला नाही. उगीच नेलं हिला, असं मास्तरांना राहून राहून वाटत होतं.

सकाळी बघतात तर बाईसाहेब तयार होऊन दाराशी उभ्या.

"दवाखान्यात जायचंय? मुलीकडे?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग नजर छताकडे नेली, हनुवटी थरथरवली आणि दाराशेजारच्या टेबलावर थाप मारली. ती त्या नटीची नक्कल करत होती. मास्तर हसता हसता खाली बसले.

त्या दुपारी त्यांनी पुन्हा तोच सिनेमा पाहिला. पडद्यावर फुगे दिसताच तिने त्यांची बाही ओढली. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दोघं बाहेर आले.

"मावशी, शेवट राहिला की," दारावरचा माणूस म्हणाला.

मास्तरांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"चमचा," ती म्हणाली. ठाम, नाक मुरडून.

तो हसला, पण कसा, तर आपलं माणूस भेटल्यासारखा. "मलाही नाही पटला बघा."

तो सिनेमा आवडला की नाही, हे मास्तरांना विचाराल तर अजूनही त्यांचं नक्की काही ठरत नाही. त्या नटीला मात्र कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत.

त्या दिवशी घराकडे वळायच्या कोपऱ्यावर बायको थांबली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागली. मास्तरांना सोफ्याचं कापड घ्यायचंच होतं. त्यांच्या मनात तपकिरी होतं. तिने प्रत्येक ठाण हाताने चाचपलं, दुकानदाराशी आपल्या एका शब्दात बरीच घासाघीस केली आणि पिवळं निवडलं.

मास्तर बाजूला उभे राहिले. मधे एकदाही बोलले नाहीत.