मल्हारीने वेगळ्या मोजलेल्या तीन पेट्या

सातपूरच्या त्या कारखान्यात युनियन म्हणजे गोरक्षअण्णांचं राज्य होतं. ते राज्य मल्हारीने बुडवलं, असं शंभरातले सत्तर कामगार आजही सांगतील. उरलेले तीस म्हणतील, अण्णांनीच ते आधी पोखरून ठेवलं होतं. मल्हारीला यातलं एकही धड पटत नव्हतं, आणि तेच त्याचं दुखणं होतं.

मल्हारी मूळचा येवल्याकडचा. आयटीआय करून एकाहत्तर साली मशीन शॉपमध्ये टर्नर म्हणून लागला. हात चोख, पण तोंड आवरत नसे. अण्णांच्या गेट मीटिंगला सगळ्यांनी हात वर करायचे, आणि कोणाचा हात खाली राहिला ते अण्णा बरोबर टिपून ठेवायचे. मग त्या बापड्याची रजा अडली तरी युनियन फिरकत नसे. तरी खरं ते खरं, ते वर झालेले हात पाहून मॅनेजर टरकायचा.

सत्त्याहत्तरला आणीबाणी उठली आणि देशाने गुपचूप शिक्का मारून सरकार बदललं. मल्हारीच्या डोक्यात तेच बसलं. युनियनच्या निवडणुकीत त्याने अण्णांना पाडलं आणि जाहीर केलं, यापुढे हात नाही, पेटी. यात त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पुढच्याच वर्षी कंपनीने फौंड्री बंद करून ओतकाम बाहेर द्यायचं काढलं. चौऱ्याऐंशी माणसं घरी बसणार होती. त्यात मल्हारीचा जिवाभावाचा दोस्त नाथाही होता. संप करायचा का, यावर मतदान ठरलं. फौंड्री, मशीन शॉप आणि पॅकिंग, प्रत्येक खात्याला एकेक पेटी. चिठ्ठ्या मोजताना एका चादरीवर ओतून मिसळायच्या, असं कमिटीत ठरलं होतं. ऐनवेळी मल्हारीने पेट्या वेगवेगळ्या मोजायला लावल्या आणि आकडे गेटवर वाचून दाखवले. कमिटीचंच तसं ठरलंय, असं तो कामगारांना म्हणाला, आणि कमिटीतल्या कोणी ते खोडून काढलं नाही.

बेरीज संपाच्याच बाजूने होती. पण फौंड्री झाडून सारी संपाला तयार आणि बाकीच्या दोन खात्यांत निम्म्याहून जास्त माणसं नको म्हणणारी, हे साऱ्या दुनियेला कळलं. त्याच दुपारी फौंड्रीवाल्यांनी पॅकिंगवाल्यांच्या गचांड्या धरल्या. मॅनेजरला तर आयतीच फट सापडली. त्याने त्या दोन खात्यांशी वेगळे करार केले. आठवड्याभरात संप मोडला, फौंड्रीला कुलूप लागलं, आणि युनियनचा बोर्ड कधी उतरला तेही कोणाला कळलं नाही.

नाथा गंगापूरकडे एका द्राक्षबागेवर राखणीला लागला. भट्टीपुढे वाघासारखा उभा राहणारा गडी आता पाखरं हाकत होता. दर रविवारी मल्हारी बस धरून त्याच्याकडे जाई आणि साळूवहिनीच्या हातची भाकरी खाई. पण तो विषय आठ वर्षांत एकदाही निघाला नाही. मल्हारीला धीरच होत नव्हता.

शहाऐंशी साली अण्णा वारले. दहाव्याला दोघं गोदावरीवर गेले. विधी उरकल्यावर घाटाच्या पायरीवर बसले असताना मल्हारीने शेवटी विचारलं, "नाथा, माझ्यामुळं बुडालं का रे सगळं?"

नाथाने मान हलवली. "अण्णानं इतकी वर्षं आपल्याला तोंडच उघडू दिलं नाय. पहिल्यांदा उघडलं तर आपण एकमेकांलाच चावलो. तुझा काय दोष? आमचं नशीब."

इथे गप्प बसला असता तर मल्हारी सुटला असता. आठ वर्षं तो याच शब्दांसाठी तळमळत होता. पण ते मिळाले, आणि त्याला गिळवेनात.

"पेट्या वेगळ्या मोजायचं कमिटीचं नव्हतं ठरलं," तो म्हणाला. "ते मी केलं. फौंड्री म्हणजे अण्णाचा गड. तो माझ्यामागं आलाय, एवढंच म्हाताऱ्याला दाखवायचं होतं."

नाथा उठला आणि त्याने टोपी नीट केली.

"आजवर मी नशिबाला शिव्या घालत होतो," तो म्हणाला. "तुला भाकरी वाढताना साळू म्हणायची, हा आपल्या घरचा माणूस हाय."

पुढच्या रविवारी मल्हारी नेहमीसारखा स्टॉपवर जाऊन उभा राहिला. गंगापूरच्या दोन बस समोरून गेल्या, आणि तो घरी परतला.