समोरचे संवाद आई वाचते

माझ्या एजन्सीच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली पहिलंच वाक्य आहे, 'कॅनडात जन्मलेला चित्रपट अभिनेता'. वाक्य खरं आहे. कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखात बाबा एका खतकारखान्यात इंजिनिअर होते, तिथे माझा जन्म झाला आणि चौदा महिन्यांचा असताना आईच्या कडेवर बसून मी पुण्याला आलो. तिथलं मला काहीही आठवत नाही. बर्फसुद्धा नाही. पण जन्माच्या दाखल्यावर पुढे कॅनडाचा पासपोर्ट मिळाला, पासपोर्टाच्या जोरावर बर्लिनमध्ये राहायला मिळालं, आणि 'पुण्याचा नट' म्हटल्यावर जी माणसं इथे नुसती सभ्यपणे मान हलवतात तीच 'कॅनडात जन्मलेला' म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढतात. माझी कारकीर्द ज्या गावाच्या नावावर उभी आहे ते गाव मला नकाशात शोधावं लागतं.

तरुणपणी या गोष्टीवरून मी आईशी फार भांडलो. बाबा तिथे आणखी दोन वर्षं राहिले, नोकरी चांगली होती, घर होतं. मग ही बाई तान्हं पोर घेऊन एकटी का परत आली? विचारलं की म्हणायची, "थंडी सोसेना." मला ते पटायचं नाही. "तू जरा दम धरला असतास तर मी आज तिकडे असतो," असं मी तिला किती वेळा ऐकवलं त्याला गणती नाही. ती पोळ्या लाटत राहायची.

कारकीर्द म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. पुण्यात एकांकिका केल्या. मग चार मराठी सिनेमे, त्या चारांतही मी नायकाचा मित्र होतो आणि मध्यंतराच्या आत मला कुठेतरी परगावी पाठवून दिलेलं असायचं. मग एक जर्मन कंपनी पुण्यात शूटिंगला आली. त्यांना इंग्रजी बोलणारा पोलीस हवा होता, तो मी झालो. त्यांच्यातलंच कुणीतरी म्हणालं, तुझ्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे तर बर्लिनला का येत नाहीस? चौतीस वर्षांचा होतो, अंगात रग होती, आलो. सोळा वर्षं झाली. इथल्या पडद्यावर मी डॉक्टर झालो, टॅक्सीवाला झालो, आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर इतक्या वेळा झालो की आता मला खरंच कुणीतरी नोकरी द्यायला हरकत नाही. गणपतीत इथल्या खऱ्या इंजिनिअर मंडळींची गाठ पडते. एक वहिनी दरवर्षी कौतुकाने विचारतात, "अहो, तुम्हाला टीव्हीवर पाहिलं आम्ही! तुम्ही मेलात ना त्यात?" मेलेलोच असतो. बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत.

लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. बर्लिनच्या नॉयकोल्न भागात चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहतो. काम नसेल त्या आठवड्यात तोंडातून शब्द निघतो तो बेकरीत, "दोन ब्रोटशेन," म्हणजे दोन पाव, एवढाच. मला एकटं वाटतं. हे वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली, कारण लोकांसमोर मी 'नटाला एकांत लागतो' वगैरे तारे तोडत आलो आहे.

आता मुद्द्यावर येतो. हल्ली भूमिकेसाठी कुणी प्रत्यक्ष बोलावत नाही. एजन्सीकडून ईमेलवर एक सीन येतो. तो घरीच मोबाइलवर शूट करायचा आणि पाठवायचा. त्यातली मेख अशी, की समोरच्या पात्राचे संवाद कॅमेऱ्यामागून कुणाला तरी वाचावे लागतात. इतर नटांकडे बायको असते, मैत्रीण असते. मी एकदा शेजारच्या निवृत्त पोस्टमनकाकांना विनंती केली, तर त्यांनी माझे संवाद बाजूला ठेवून माझं जर्मन सुधारायला घेतलं. दुपार गेली, सीन राहिला. त्या दिवशी वैतागून आईला फोन केला आणि रडगाणं गायलं, तर ती म्हणाली, "त्यात काय, मी वाचते की. मराठीत लिहून पाठव."

आई पूर्वी पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कॅनडाहून आल्यावर एका हॉस्पिटलच्या स्विचबोर्डवर बसली. आवाज खणखणीत, आणि जे समोर आहे ते पुढे जोडून द्यायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, ही सवय हाडात भिनलेली. वाचणाऱ्यात नेमकं हेच लागतं. मी जर्मन संवाद देवनागरीत लिहून फोटो पाठवतो. ती ते वहीत मोठ्या अक्षरात उतरवून घेते. इथे सकाळचे दहा, तिथे तिचं जेवण होऊन दुपारची झोप पुढे ढकललेली. एका मोबाइलवर शूटिंग, आणि त्याच्याशेजारी स्टँडवर दुसरा मोबाइल, त्यात आई. मी तिच्याकडे बघून बोलतो, आणि पडद्यावर वाटतं मी एखाद्या खुनी माणसाकडे बघतोय.

तिची एकच अट. अर्थ सांगितल्याशिवाय वाचणार नाही.

"हा माणूस तुला इतकं टाकून बोलतो आणि तू ऐकून घेतोस?"

"अगं, मी चोरी केलेली असते."

"मग बरोबर आहे त्याचं."

सहा वर्षांत आई इन्स्पेक्टर झाली, न्यायाधीश झाली, एकदा माझी प्रेयसीही झाली. तेव्हा तिने ते चष्मा लावून, रेल्वेची घोषणा करतात तशा सुरात वाचलं, आणि शेवटी म्हणाली, "चांगली दिसतेय मुलगी. खरी कुठे भेटते का बघ." भूमिका क्वचितच मिळायच्या. पण सीन आला की मी खूश व्हायचो, आणि त्यातलं कारण भूमिका किती आणि आई किती, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

या मार्चमध्ये एजंटबाईंचा फोन आला. त्या सहसा फोन करत नाहीत. "हं, तर बसून घे," म्हणाल्या. "मुख्य भूमिका. कॅनडात जन्मलेला, पन्नाशीचा, जर्मनीत एकटा राहणारा माणूस. हे तुझ्यासाठीच लिहिलंय."

सोळा वर्षांत पहिल्यांदा मला असं पात्र मिळत होतं ज्याला घर होतं, भूतकाळ होता आणि जे शेवटपर्यंत जिवंत राहणार होतं. मला ती भूमिका हवी होती. इतकी हवी होती की सीन मी उभ्यानेच तीनदा वाचला. त्यात तो माणूस म्हाताऱ्या आईला फोन करतो. यंदाही यायला जमणार नाही, कामं आहेत, असं सांगतो. आई म्हणते, "तू यायलाच हवंस असं नाही. मला एकटीला बरं वाटतं."

मी पुण्याला गेलो त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. दरवेळी कसली तरी तारीख मध्ये यायची, म्हणजे मी ती मध्ये येऊ द्यायचो. नुसता नातेवाईक म्हणून पुण्यात उतरायची मला लाज वाटायची, काहीतरी होऊन जायचं होतं.

मी वाक्यं देवनागरीत लिहिली. 'डू मुस्ट निश्त कोमेन. इश बिन गेर्न आलाइन.' फोटो पाठवला. आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "अर्थ?"

"बँकेतला साहेब आणि गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "कर्जाचं काहीतरी चाललंय."

ती क्षणभर वहीकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

पहिला टेक माझ्यामुळे फसला. दुसरा ठीक झाला. तिसऱ्यात तिने पहिलं वाक्य वाचलं आणि थांबली. मला वाटलं ओळ चुकली. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने वहीतून डोळे वर केले, चष्मा काढला, आणि दुसरं वाक्य माझ्याकडे बघून म्हटलं. आवाज तोच, जोडून देणारा. पण मला पुढची ओळ बोलायला वेळ लागला. तो टेक मी पाठवला. सोळा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते, मला आजही तसंच वाटतं.

आठवड्याने एजंटबाई परत बोलल्या. भूमिका दुसऱ्या कुणाला तरी गेली. म्हणजे माझ्या तोंडाला पानं पुसली. मी "समजलं" वगैरे म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "पण दिग्दर्शिका विचारतेय, तो बाईचा आवाज कुणाचा? चित्रपटात आई दिसत नाही, फक्त फोनवर ऐकू येते. तिला तो आवाज हवाय. भारतात रेकॉर्ड करता येईल. कोण आहे ती?"

"माझी आई," मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्या आनंदाने ओरडल्या. "म्हणूनच! विचारशील ना तिला?"

मी विचारलं नाही. मला आईचा हेवा वाटला. हे लिहिताना कान गरम होतात, पण वाटला. मी सोळा वर्षं दारं ठोठावली, आणि हिने सदाशिव पेठेत खुर्चीवर बसून चष्मा काय काढला, लगेच हिला बोलावणं! आईला फोनवर एवढंच सांगितलं की भूमिका गेली. ती म्हणाली, "जाऊ दे, पुढचा सीन कधी?" नऊ दिवस मी ही गोष्ट पोटात ठेवली. एजंटबाईंचे दोन मेसेज आले, त्यांना 'विचारतो' म्हणून कळवलं. दहाव्या दिवशी तिसरा आला, उद्यापर्यंत उत्तर हवं. तो रविवार होता. स्टँडवर मोबाइल लावला, नेहमीच्या जागी बसलो आणि सांगितलं.

"आई, त्यांना मी नकोय. तू हवी आहेस."

सगळं ऐकून ती हसली. "मी? या वयात?" मग म्हणाली, "नाही म्हणून कळव."

"का? तुला जमेल. तू तो टेक—"

"मला नाटक येत नाही रे. तो मी वाचला नव्हता, तुला म्हटलं होतं."

ती म्हणाली, "बँकेतला साहेब गिऱ्हाइकाला कशाला सांगेल, मी एकटा बरा आहे म्हणून? सहा वर्षं वाचतेय. आलाइन म्हणजे एकटा, एवढं येतं मला. तुझ्या प्रत्येक सीनमध्ये असतो तो शब्द. आणि कोमेन म्हणजे येणं. उरलेलं तुझ्या तोंडावर दिसत होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुला भूमिका हवी होती ना."

खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईच पुढे बोलायला लागली. कॅनडाबद्दल ती कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोन होता, म्हणाली. दिवसभर वाजायचा नाही. हे कारखान्यात, तू पाळण्यात, आणि खिडकीतून दिसायचं ते गाड्या लावायचं मैदान. महिन्यातून एकदा ट्रंक कॉल लावून माझ्या आईशी, म्हणजे तुझ्या आजीशी, तीन मिनिटं बोलता यायचं. आजी दरवेळी म्हणायची, इकडचं काही मनात आणू नकोस, मी मजेत आहे, यायची गरज नाही.

"एक्स्चेंजमध्ये लाइन नीट लागली का ते बघायला मध्ये कान द्यावा लागायचा," आई म्हणाली. "किती माणसांचं 'मी मजेत आहे' ऐकलंय मी. खरं कोण बोलतंय ते लगेच कळायचं. एकदा आजी तेच म्हणाली आणि मध्ये अशी थांबली. फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, मी निघते. हे म्हणाले, पोराचं आयुष्य इथे घडेल. म्हटलं, पोराचं कुठेही घडेल."

"वेळेवर पोचलीस?"

"चार महिने मिळाले."

"मग थंडी सोसेना असं का सांगत राहिलीस मला? मी इतकं बोललो तुला."

"थंडी होतीच की."

इतकी वर्षं मी जे भांडण एकट्याने चालवलं होतं ते असं एका वाक्यात संपलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. कॅमेरा चालू नव्हता. तिने मला रडू दिलं, पदराने चष्मा पुसत बसली. तिच्यामागे भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याखाली एकच खुर्ची. पूर्वी दोन असायच्या. दुसरी कुठे गेली, हे मी तीन वर्षं त्या पडद्यात बघूनही विचारलं नव्हतं.

मग मी विचारलं, "आई, मी येऊ का?"

"नको रे," ती म्हणाली. "तुझी कामं असतात." आणि थांबली. वही मांडीवर मिटलेली होती. "मी मजेत आहे."

सोळा वर्षांत एक गोष्ट मी नक्की शिकलोय, कोण किती थांबलं ते माझ्या लक्षात राहतं.

"आई," मी म्हटलं, "तिसऱ्या टेकमध्ये तू एवढीच थांबली होतीस."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग ये."