अर्धे खोपे

"मंजूर न्हाई," असं म्हणून मामा मुंडासं काढून मांडीवर ठेवायचे. बोलणं माझ्याशी नसायचं. नजर विहिरीवर वाकलेल्या बाभळीकडे असायची.

मामा नात्यातले नव्हते, सगळेच त्यांना मामा म्हणत; ते आमच्या मळ्यात मोट हाकायचे. जाफराबादजवळच्या त्या गावात मी नवी सून होते आणि दुपारची भाकर मळ्यात पोचवणं माझ्याकडे होतं. श्रावणात मोटेला फारसं काम नसे. मामा बाभळीखाली बसून सुगरणी बघत. घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून मीही घटकाभर टेके.

तुम्हीही ते लोंबते खोपे पाहिले असतील. पण मामांसारखे कुणी बघत नसे.

"सुगरण म्हणतेत, पर विणतो नर," ते म्हणाले. "अर्धा खोपा झाला की उलटा लटकून पंख फडफडवून राह्यला बघा. मादी येती, आतून ओढून बघती. पटलं तर पुढं विणायचं."

"आन् न्हाई पटलं तर?"

"मंग तो अर्धाच ऱ्हातो. गडी दुसरा घेतो विणायला."

एकदा एका नराचा तिसरा खोपा नापसंत झाला. मामांनी भाकर तशीच परत पाठवली. पीठ कडू झालं का, असं सासूबाईंनी मला विचारलं.

धीर करून मी एकदा म्हटलं, "मामा, तुमचं लगीन?"

"झाल्तं. महिनाभर राह्यली. मंग माहेरी गेली, ती आलीच न्हाई." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "कोरड्यास चांगलं झालंय आज."

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात मुलखात दंगाधोपा सुरू झाला. गाड्या जुंपून गाव संस्थानाच्या हद्दीपलीकडे वऱ्हाडात निघालं. सासऱ्यांनी वाटेत मळ्यापाशी गाडी थांबवली.

"चल, बस."

"तीन खोप्यांत पिल्लं हायेत, मालक. कावळे टपून बसलेत. उडाली की येतो. धा-बारा दिवस."

सासरे चिडले. मी भाकरींचं गाठोडं खाली दिलं. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही परतलो. खोप्यांत पिल्लं नव्हती. झोपडीत घोंगडी घडी करून ठेवलेली होती. मामा नव्हते. माणसं विहिरीत उतरली, शिवार पालथं घातलं, वऱ्हाडात निरोप धाडले. कुणालाच ते दिसले नव्हते.

शेवटी मामा हरवल्याची वर्दी लिहून घ्यायला पोलीस पाटील घरी आले.

"बापाचं नाव? मूळ गाव?"

बारा वर्षं मामा आमच्याकडे होते. सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मग दोघांनी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

पाटलांनी तेवढी जागा कोरी सोडली.