कॅनचं पाणी नापास झालं

तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि मी पदर तोंडावर दाबला. हसू आवरत नव्हतं.

मी आंजीच्या बाजूच्या एका गावात पाणी तपासते. शिक्षण चौथी. काम सोपं आहे. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे. पिवळं झालं तर विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, पडली आहे. दुसरी एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळी पडली तर पाण्यात घाण आहे.

आमची बाटली तीनदा काळी पडली. नळाच्या विहिरीला लागून सरपंचांचा शेणाचा उकिरडा. पाऊस आला की त्याचं पाणी विहिरीत झिरपायचं. पोरांना हगवण लागली. माझ्या नातीला सलाइन लावावी लागली. मी सरपंचांकडे गेले, पण चारचौघांत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

"उकंडा माह्या आज्यापासून तिथंच हाये, काकू. आता काऊन हलवू?" ते म्हणाले.

मग तालुक्याहून तपासणीचं पत्र आलं. पाणी खराब निघालं तर गावाला लाल कार्ड, म्हणजे धोक्याचं गाव. सरपंच घाबरले. उकिरडा मात्र हलला नाही. त्यांनी लग्नात लागतात तसे विकतच्या पाण्याचे कॅन मागवले आणि पंचायतीच्या छतावरची टाकी रिकामी करून तिच्यात ओतायला लावले. शिपाई शिडीवरून घामाघूम चढत होता. मी खालून हळूच म्हटलं की यात पावडर नाही, पिवळं होणार नाही. तो म्हणाला, मावशी, तू चूप राय.

आता साहेबांनी त्याच टाकीच्या नळाचं पाणी घेऊन पुन्हा थेंब टाकले. पाणी काचेसारखं.

"सरपंच, पावडर टाकतच नाही का? हे नापास."

"साहेब, इतकं शुद्ध पाणी तं तुमच्या ऑफिसातबी नसन," सरपंच म्हणाले.

तिथे माझा बांध फुटला. मी हसू लागले ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी. शिपाईही भिंतीकडे तोंड करून हलत होता. काय झालं ताई, असं साहेबांनी विचारलं आणि हसण्याच्या भरात माझी लाजच कुठे गेली कोण जाणे.

"साहेब, हे विकतचं हाये. आमचं पाणी तिकडं, उकंड्याच्या बाजूले हाये. चला, दाखवतो."

साहेब विहिरीपर्यंत आले, नाकाला रुमाल लावला आणि लाल कार्ड लिहिलं. सरपंच चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि उकिरडा शेतात गेला. विहिरीत मापाने पावडर पडू लागली.

पंधरा दिवसांनी मी बाटली भरून फळीवर ठेवली. दोन दिवसांत वीसदा पाहिली असेल. काळी पडली नाही. एरवी मागच्या गल्लीने जाणारी मी, बाटली हातात धरून भर चौकातून नाचतच पंचायतीत गेले. सरपंचांनी ती उन्हात धरली.

"पास?"

"पास."

"काकू, कितीक हसता!" म्हणाले आणि स्वतःच हसू लागले.

कार्ड पुढच्या तपासणीपर्यंत लालच राहणार. मी एवढं शिकले की पाणी तपासायचं तर आधी विहिरीभोवती एक चक्कर मारावी. थेंब नंतर टाकले तरी चालतात.