येऊन राहिला

१९७९ सालच्या मार्चमध्ये इतवारीतून कळमेश्वरला सायकल फेरी निघाली. अंध मुलांच्या वसतिगृहाला छप्पर हवं होतं. पोचलेल्या प्रत्येक स्वारामागे देणगी ठरली होती. बळीराम पराते त्यांच्यात होता. घरचा हातमाग बंद पडल्यापासून तो सायकलवर कापडाचे गठ्ठे पोचवायचा. हा रस्ता त्याच्या पायाखालचा होता. कोणी मागे राहिलंच तर त्याला आणायला कळमेश्वरहून ट्रक धाडायचा, असं ठरलं होतं.

वाडी ओलांडली आणि आभाळ कळकलेल्या पितळेसारखं हिरवट झालं. तेवढ्यात बळीरामचं चाक पंक्चर झालं.

"थांबू का गा?" जोडीदार शालिकरामने विचारलं.

"तू काहून भिजतं? हो पुढं. चिकटवतो अन् येतोच."

शालिकराम पोचला. फेरीचे चिटणीस महिन्यापूर्वीच पुण्याहून बदलून आलेले. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "पराते?"

"येऊन राहिला."

शालिकरामला म्हणायचं होतं, येतो आहे. चिटणिसांना ऐकू आलं, आला आणि थांबला आहे. त्यांनी नावापुढे खूण केली.

तोवर गारा सुरू झाल्या होत्या, लिंबाएवढ्या. रस्त्याखालच्या मोरीत आडोसा घ्यायला बळीराम सायकलसकट उतरला, घसरला आणि मोरीच्या तोंडाशीच पडला. पाय गुडघ्याखाली वाकडा झाला. गारा थांबल्या तेव्हा रान पांढरं झालं होतं. बाभळीखाली मेलेले पोपट अर्धे रुतून पडले होते. कुठे आवाज नव्हता.

तासाभराने ट्रक आला, पण परतीचा, सगळ्यांना आणि सायकलींना घेऊन. मोरीवर गारांचा ढीग होता, म्हणून थांबला. ढीग उपसून झाल्यावर चिटणीस नावं वाचू लागले. बळीरामने हाक मारली. गारठलेल्या घशातून नुसती हवा निघाली.

"बळीराम पराते."

"हाये," वरून कोणीतरी म्हणालं.

आवाज ओळखीचा नव्हता. पुढे विचारलं तेव्हा तो आपला, असं ट्रकातल्या एकानेही कबूल केलं नाही. क्षणभर बळीरामलाच वाटलं, आपण वर बसलो आहोत. मग त्याने हात लांबवून सायकलची घंटी वाजवली.

"बळीराम कोठं बसला हाये?" शालिकराम ओरडला.

"आले म्हणालात ना तुम्ही?"

"आला नाही साहेब, येऊन राहिला म्हटलं!"

पायाचं हाड जुळायला तीन महिने लागले. दरम्यान प्रमाणपत्र आलं: श्री. बळीराम पराते कळमेश्वरला पोचले. त्याची बायको मनकर्णा खिळा शोधू लागली.

"राहू दे वं," तो म्हणाला. "मी तं पोचलोच नाही. जो पोचला, त्याचं हाये ते. येईल तो न्याले."

कागद फळीवर उभा राहिला. दार वाजलं की मनकर्णा आधी कागदाकडे बघायची, मग कडी काढायची.