ठोकळ्यातली गाठ

धनराजभाऊ काचपट्टी लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कधीच ठेवत नसत. आधी खिडकीशी जात, उजेडासमोर धरत, एक डोळा मिटून बघत आणि मग "जमलं" म्हणत. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पंधरा वर्षं त्यांनी कापडाचा रंग असाच पारखला होता. "ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिल सोडून ते आमच्या प्रयोगशाळेत आले, ते मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप काढायला आणि रंगवायला.

मी तिथे पीएच.डी. करत होतो. शरीरातलं विष निकामी करणारं एक एन्झाइम असतं. त्याचं जनुक मूत्राशयाच्या कर्करोगात किती चालू राहतं, हा माझा विषय. तो मी लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगत असे, त्यामुळे माझ्या शेजारची जागा सहसा रिकामी असायची. भाऊंनी ऐकलं आणि आपल्या अहिराणीमिश्रित मराठीत म्हणाले, "म्हंजे रंगाचं पाणी साफ करायचा प्लांट. तो चालू शे का बंद, ते तुम्ही बघता." माझ्या प्रबंधाची पहिली चाळीस पानं मी उगाच लिहिली होती.

तिसऱ्या वर्षी मी शोध लावला. बहुतेक गाठींत जनुक मंदावलेलं होतं, पण काही रुग्णांच्या गाठींत ते निरोगी पेशींइतकंच जोरात चालू होतं. कर्करोगाचा नवा प्रकार! त्याच्या नावात माझं आडनाव कसं बसेल, तेही मी कागदावर लिहून पाहिलं. आईने आमच्या भेस्तानमधल्या शेजारणींना पेढे वाटले. सोमवारी माझ्या मार्गदर्शक मॅडमसमोर सगळं मांडायचं होतं. त्यांना पटलं तर प्रबंध पूर्ण, नाहीतर आणखी एक वर्ष.

शनिवारी भाऊंनी विचारलं, "सर, ज्या ठोकळ्यांतून तुम्ही माल घेतला, त्यांचा नवा काप बघितला का?"

"लेबलवर गाठ लिहिलंय की," मी ऐटीत म्हणालो.

"लेबल तर कापडाच्या गठ्ठ्यावरबी असतं. कापड दखाले नको?"

त्यांनी काप काढले, रंगवले, खिडकीशी धरले. गाठ असली की तिथे गडद जांभळा डाग दिसतो. इथे सगळीकडे फिकट गुलाबी. निदानासाठी आधीच इतके काप काढले गेले होते की गाठ संपली होती आणि उरल्या होत्या आजूबाजूच्या निरोगी पेशी. "ह्या ठोकळामा गाठ शेच नई," भाऊ हळूच म्हणाले. निरोगी पेशी निरोगी पेशींसारख्या वागतात, एवढा माझा शोध होता.

सोमवारी मी मॅडमना खरं ते सांगितलं. वर्ष गेलं. भाऊंनी ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही. मीच सांगत सुटलो, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी भाऊंच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. मूत्राशयात काहीतरी वाढलेलं दिसलं. मिलमधल्या रंगांमुळे का, ते मला विचारू नका. मी तर त्याच विषयाचा अभ्यासक. ते कर्करोगाचं की साधं, हे काढून तपासल्यावरच कळणार होतं. ऑपरेशनला जाताना भाऊ म्हणाले, "माझा काप तुम्हीच काढा, सर. घाई करू नका."

मी काढला. वाकडा आला, दोन ठिकाणी फाटलाही. रंगवून खिडकीशी गेलो. आजवर जांभळं दिसलं की मला आनंद व्हायचा. त्या दिवशी मात्र मी देवाला विनवत होतो की सगळं गुलाबी निघू दे. निघालं नाही. डॉक्टरांनीही सूक्ष्मदर्शकातून पाहून तेच सांगितलं.

वॉर्डात गेलो. वहिनी उशाशी बसल्या होत्या. भाऊंनी डोळे न उघडताच विचारलं, "शे का?"

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, अहिराणी मला कधी जमली नाही. "शे, भाऊ," मी म्हणालो, आणि त्यांच्याआधी मीच रडलो.