पश्चिमवादी म्हणजे पश्चिमेचा नव्हे

मंडळी, वारज्याच्या माझ्या मामांवर शेजाऱ्याने बांध कोरल्याची फिर्याद केली होती. आज सकाळी पेशव्यांच्या न्यायसभेत सुनावणी झाली.

निवाड्याला बसलेल्या शास्त्रीबुवांनी मामांना विचारलं, “पश्चिमवादी आपणच ना?”

मामा उसळले. “न्हाई! बांधाच्या पश्चिमेला त्यो हाय, मी पूर्वेला!”

सभा हसली. शास्त्रीबुवा मात्र चिडले. “उत्तर द्यायचं नसेल तर एकतर्फी निवाडा होईल.”

मी घाईने मामांच्या कानाला लागलो. “अहो मामा, आधी फिर्याद मांडतो तो अग्रवादी. मागून उत्तर देतो तो पश्चिमवादी. दिशेचा संबंध नाही.”

“मग मागून बोलनारा म्हना की! मला वाटलं, व्हय म्हनलं की बांध गेला.”

मामा निदान ‘नाही’ तरी म्हणाले. न कळलेल्या शब्दाला आपण कितीदा मुकाट ‘होय’ म्हणून आलोय?